न दचकणारं शहर

नरकचतुर्दशीच्या पहाटे पाच वाजता खाली रस्त्यावर कुणीतरी सुतळी बॉम्ब लावला आणि केतकीच्या काळजाचा ठोका चुकला. हातातली उटण्याची वाटी तिथेच टाकून ती आप्पांच्या खोलीकडे धावली. अंथरूण रिकामं होतं.

आप्पा म्हणजे तिचे वडील. वय चौऱ्याहत्तर, वीज खात्यातून वायरमन म्हणून निवृत्त झालेले. त्यांच्या हृदयाला एक विचित्र खोड होती. जिने चढले, चिडले, कुणाशी तावातावाने भांडले, तरी त्याला काही होत नसे. पण अचानक आवाज झाला की त्याचा ताल बिघडायचा. प्रत्येक ठोक्यानंतर हृदय पुढच्या ठोक्यासाठी पुन्हा सज्ज होतं. आप्पांच्या हृदयाला त्यासाठी जन्मापासूनच जरा जास्त वेळ लागत होता. त्या नेमक्या क्षणी माणूस दचकला आणि अंगात भीतीचं रसायन उसळलं की सगळी घडी विस्कटते. चार वर्षांपूर्वी हा दोष उघड झाला, तेव्हा छातीत झटका देणारं यंत्र बसवून झालं होतं. तिथे जंतू शिरले, यंत्र काढावं लागलं आणि पुन्हा बसवायला डॉक्टरांनी नकार दिला. गेल्या मे महिन्यात ओट्यावरून स्टीलचं पातेलं पडलं, तेव्हा आप्पा अडीच मिनिटं गेल्यात जमा होते. "पुढच्या वेळी परत येतील असं मी सांगू शकत नाही," असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं.

म्हणून या घराला बेल नव्हती. कुकर हद्दपार झाला होता, दारांच्या चौकटींना जाड लोकरी बनात चिकटवली होती आणि पाच वर्षांच्या शर्वीला किंचाळायची बंदी होती. दिवाळीत आप्पांना आत्याच्या वाडीवर नेऊन ठेवायचं हा दर वर्षीचा नेम होता. या वर्षी ठरलेला गाडीवाला काल आलाच नाही. फोन केला तर म्हणाला, "उद्या जाऊ की ताई, काय घाई आहे?"

आप्पा बाल्कनीत सापडले. अंगावर शाल, हातात चहाचा कप. केतकी त्यांच्यापर्यंत पोचते न पोचते तोच अगदी खाली दुसरा बॉम्ब फुटला. शेजारच्या गाडीचा भोंगा वाजायला लागला, केतकीने दोन्ही कानांवर हात दाबले आणि डोळे मिटले.

डोळे उघडले तेव्हा आप्पा चहाचा घोट घेत होते. कपातला चहा हलला नव्हता.

"झाक वाजला की गं," ते म्हणाले. "किती वर्षांनी ऐकला!"

केतकीला आनंद व्हायला हवा होता. उलट ती जास्तच घाबरली. चार वर्षं भिंतीवर चढणाऱ्या मांजराला भिणारा हा माणूस असा कसा बसू शकतो, हे तिला कळेना. तिने त्यांची नाडी धरली. बहात्तर ठोके, संथ आणि सरळ.

आत शर्वी ओरडली. तिच्यामागून रणजितचा, केतकीच्या नवऱ्याचा, शांत आवाज आला. "भाजलं वाटतं."

उंबऱ्यापाशी पणत्यांची ओळ लावली होती. शर्वी तिथे उकिडवी बसून आपलं लाल झालेलं बोट बघत होती. डोळ्यांत पाणी होतं. केतकीच्या देखत तिने तेच बोट पुन्हा ज्योतीत घातलं. पुन्हा कळवळली, हात मागे घेतला, बोटाकडे निरखून पाहिलं आणि परत ज्योतीकडे नेलं. रणजित दोन हात अंतरावर खुर्चीत बसून कौतुकाने बघत होता.

केतकीने पोरीला उचललं. "रणजित! दिसत नाही का तुला?"

"दिसतंय ना," तो म्हणाला. "शिकेल हळूहळू."

दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. ही म्हण कुणी शिकवावी लागत नाही, पहिल्याच चटक्याला ती अंगात उतरते. शर्वीच्या अंगात ती उतरत नव्हती. तिला दुखत होतं, पण दुखण्याची भीती बसत नव्हती. आणि हे अशक्य नाही, हे शिरवली शहरात केतकीइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. त्या बोटाला मलम लावताना तिच्या तोंडचं पाणी पळालं ते त्यामुळे.

*

केतकी पर्णमित्र नावाच्या संशोधन केंद्रात सुरक्षा अधिकारी होती. गोष्ट दोन हजार चव्वेचाळीस सालची आहे. तोवर शहरांना झाडांची किंमत कळून चुकली होती, म्हणजे झाडं जवळजवळ संपली होती. झाड सावली देतं, हवा गार करतं, धूळ अडवतं, पावसाचं पाणी मुरवतं, हे सगळं मोजून झालं होतं. यातलं बरंचसं यंत्रांनीही करता येत होतं. एक गोष्ट मात्र यंत्राला जमेना. झाडाखाली माणूस दहा मिनिटं बसला की त्याचा रक्तदाब उतरतो, कपाळाच्या आठ्या जातात. यातला काही भाग हिरव्या रंगाचा, काही पाखरांचा, पण मोठा वाटा वासाचा. तुळस, कोथिंबीर, कित्येक झाडांची पानं एक मंद सुगंधी द्रव्य सोडतात. नाकाच्या नसा ते थेट मेंदूतल्या बदामाएवढ्या एका गाठीपर्यंत पोचवतात आणि माणसाची भीती तिथेच वस्तीला असते. वास आला की ती गाठ जरा निवांत होते.

मोठी झाडं लावायला शहरात जागा नाही, तर आहेत त्या पानांकडूनच जास्त काम करून घ्यावं, अशी केंद्राच्या प्रमुख डॉ. चित्रलेखा वर्दे यांची कल्पना. पानाच्या पाठीवर लाखो जिवाणू सुखाने नांदत असतात. त्यातल्या एकाला वर्देबाईंनी हे सुगंधी द्रव्य बनवायला शिकवलं. त्याचं शास्त्रीय नाव वाचताना जीभ अडखळायची, म्हणून प्रयोगशाळेत सगळे त्याला शांता म्हणत. जूनमध्ये जुन्या जकात नाक्यापासून बसस्थानकापर्यंतच्या दोनशे बारा कांचनाच्या झाडांवर शांता फवारली गेली. दोन महिन्यांत त्या रस्त्यावरची भांडणं निम्मी झाली. रिक्षावाले एकमेकांना "आधी तुम्ही" म्हणू लागले. हे ऐकून मुंबईहून पथकं पाहायला आली.

शांता बाहेर पसरली तर? हा प्रश्न सोडवणं केतकीचं काम होतं. तिने पाच महिने खपून ते केलं. कोरड्या कातडीवर शांता चार तासांत मरते. उन्हात लगेच मरते. साध्या मातीत दोन दिवसांत उपासमारीने मरते. तिला लागतो कांचनाच्या पानाचा चीक, नाहीतर गोड रस, ओल आणि ऊब. झाडाची पानं कुणी तोडून घरी नेत नाही. अहवालात केतकीने शेवटी लिहिलं होतं, 'प्रसाराची शक्यता नगण्य.'

शर्वीला रणजितच्या भरवशावर न सोडता शेजारच्या खोलीत कडी लावून खेळायला बसवून ती बाल्कनीत गेली. घरात ओल टिकेल अशी जागा एकच होती, तुळशीची कुंडी. तिने तिथली चिमूटभर माती उकरली. मातीत गव्हाच्या पिवळ्या पडलेल्या रोपांचा गुंता होता. त्यात मधोमध, अर्धवट कुजलेलं, दोन भाग जोडल्यासारखं दिसणारं एक पान होतं. पान चांगलं तळहाताएवढं होतं.

"आप्पा, हे कुठून आलं?"

"दसऱ्याचं सोनं नव्हे का ते. वरच्या मजल्यावरच्या वहिनी देऊन गेल्या."

केतकी तिथेच खाली बसली.

आप्पांच्या घरी दसऱ्याला आपट्याचंच पान. आप्पा दर वर्षी डोंगरावरून आणायचे. पाय थकले तसे आत्याच्या वाडीवरून मागवायचे. आपट्याचं पान इवलंसं, कांचनाचं मोठं. दोन्ही सारखीच दुभंगलेली. बाजारात आपटा म्हणून कांचन खपवतात त्याला आप्पा नाकं मुरडत. "सोनं मागितलं तर पितळ देतात लेकाचे," असं लहानपणापासून ऐकल्यामुळे कांचनाचं पान हे सोनं असतं, हे केतकीच्या डोक्यात कधी शिरलंच नव्हतं. शहरातल्या चार लाख माणसांच्या डोक्यात मात्र तेच होतं. दसऱ्याच्या आदल्या रात्री कांचन रस्ता ओरबाडला गेला असणार. ती झाडं बोडकी झालेली तिने स्वतः पाहिली होती. पानगळ वाटली तिला! ऐन ऑक्टोबरात!

आणि पुढचं तर देवानेच मांडून ठेवलेलं. नवरात्रात घरोघर घट बसतो. परडीत माती, मातीत नऊ धान्यं, रोज पाणी, शेजारी अखंड तेवणारा दिवा. कोंब फुटताना धान्य साखरेचा रस सोडतं. ऊब, ओल, साखर. प्रयोगशाळेत यंत्रं लावून जे साधतात ते इथे प्रत्येक देवघरात नऊ दिवस शिजत होतं. दसऱ्याला सोनं देवापुढे ठेवायचं, घट उठवायचा. निर्माल्य कचऱ्यात टाकायचं नाही, पायदळी येऊ द्यायचं नाही. म्हणून पान आणि घटाची माती एकत्र करून तुळशीत.

घरोघरी एकेक कुंडी. वीस दिवस ती कुंडी शहराला शांत करत बसली होती. पाचावर धारण बसणं, बोबडी वळणं, अंगावर काटा येणं, हे सगळं या शहरातून हद्दपार झालं होतं आणि कुणाला पत्ता नव्हता. केतकीच्या अंगावर काटा आला, कारण तिला वासच येत नव्हता. दोन हजार वीसच्या साथीत, वयाच्या अठराव्या वर्षी, तिचं नाक गेलं ते गेलंच. फुलं, फोडणी, पावसाळी माती, सगळ्याला ती मुकली होती. त्यामुळेच आज चार लाखांत घाबरू शकणारी ती जवळजवळ एकटी उरली होती.

*

दुपारी तिने सरकारी रुग्णालयातल्या ओळखीच्या परिचारिकेला फोन केला. भाजलेली मुलं किती, असं विचारलं.

"एकेचाळीस," परिचारिका म्हणाली. "दर वर्षी सहा-सात असतात. तीन पोरं कालव्यात बुडाली, ती वेगळीच. खोल पाण्यात चालत गेली म्हणे." आवाज असा की जणू भाजीचा भाव सांगतेय. "तुमची दिवाळी कशी चाललीय?"

केतकीने फोन ठेवला आणि थेट वर्देबाईंचं घर गाठलं.

वर्देबाई म्हणजे जमदग्नीचा अवतार. टिपणात एक अंक चुकला तर वही खिडकीबाहेर भिरकावणारी बाई. आज त्या झोपाळ्यावर बसून करंज्या खात होत्या. केतकीने सगळं सांगितलं, बुडालेल्या पोरांचंही सांगितलं. सांगताना ती रडली.

"अरेरे," वर्देबाई म्हणाल्या. "म्हणजे ती घटात वाढली! किती सुंदर! आपल्याला हे सुचलं नसतं."

"बाई, मुलं मेली!"

"कळतंय गं मला. वाईटच झालं." त्यांना खरंच कळत होतं. फक्त ते त्यांना बोचत नव्हतं. "मग आता सासू सोडायची म्हणतेस?"

सासू म्हणजे शांताला खाऊन टाकणारा विषाणू. माणसाला, झाडाला, इतर कशालाही त्याचा उपद्रव नव्हता. असा प्रयोग करायचा तर आवर घालणारंही काहीतरी हाताशी हवं, म्हणून तो आधीच तयार करून गोठवून ठेवला होता. एका कुंडीत सोडला तरी पाण्यातून, धुळीतून, मुंग्यांच्या पायांतून तो पुढे जात राहणार आणि शांता असेल तिथे तिला संपवणार. तीन दिवसांत घर, दहा दिवसांत शहर. एकदा सोडला की परत बोलावता येत नाही. म्हणून त्याला दोन सह्या लागत, प्रमुखांची आणि सुरक्षा अधिकाऱ्याची.

केतकीने पुढे केलेला परवानगीचा कागद वर्देबाईंनी वाचलाही नाही. सही केली. केतकीने कागद उचलला. या क्षणी तिने त्यांच्यासमोर घर विकल्याचा कागद ठेवला असता तरी त्यांनी अशीच सही केली असती, हे तिच्या लक्षात आलं.

"तुझे वडील?" बाईंनी करंजीचा तुकडा मोडत विचारलं. "त्यांचं ते हृदयाचं होतं ना?"

केतकी सकाळपासून हाच एक प्रश्न टाळत आली होती.

*

आप्पांना तिने संध्याकाळी समोर बसवून सांगितलं. काहीही लपवलं नाही. शांता गेली की शर्वी पुन्हा घाबरायला शिकेल. आणि शांता गेली की तुम्ही पुन्हा दचकाल.

"मग टाक की काढून," आप्पा म्हणाले. "पोरीच्या जिवापेक्षा काय आहे? माझं झालं सगळं बघून." चकलीचा तुकडा त्यांनी तोंडात टाकला.

"भीती नाही वाटत तुम्हाला?"

"छे. अजिबात नाही."

बाप असावा तर असा, असं दुसऱ्या कुणालाही वाटलं असतं. केतकीला मात्र तसं वाटेना. तिला वर्देबाईंची सही आठवली. हे आप्पा बोलत होते की कुंडी? ज्याला मरणाची भीतीच उरली नाही, त्याने मरायला होकार दिला तर त्या होकाराला अर्थ काय?

तिला आप्पांचं उत्तर हवं होतं. भिणाऱ्या आप्पांचं.

पाडव्याच्या सकाळी तिने स्वतः गाडी काढली आणि आप्पांना घेऊन आत्याच्या वाडीवर गेली. साठ किलोमीटर लांब, डोंगराच्या पलीकडे. तिथे अजून आपट्याचंच सोनं वाटत. शर्वीला रणजितच्या भरवशावर सोडणं अशक्य होतं, म्हणून तीही मागच्या सीटवर होती. वाटेत पोरीने चालत्या गाडीचं दार दोनदा उघडायचा प्रयत्न केला.

शांताचा अंमल उतरायला एक दिवस लागला. भाऊबिजेला आप्पांनी आत्याकडून ओवाळून घेतलं तेव्हा निरांजनाचं ताट धरलेला तिचा हात जरा हलला आणि ताट कडेला टेकवलेल्या तांब्याला लागून खणकन वाजलं. त्या आवाजाने शर्वीही दचकली, पण आप्पांचं अख्खं अंग उडालं. हात छातीवर गेला, ओठ पांढरे पडले. केतकीने त्यांना धरलं. तिने मोजले ते ठोके एकमेकांच्या अंगावर पडत होते. दहा सेकंद, पंधरा. मग कुठे ताल सापडला.

तिला रडू आलं आणि सुटल्यासारखंही वाटलं. असं वाटल्याची तिला लाजही वाटली. तिचे आप्पा परत आले होते.

दुपारी गोठ्यापाठीमागच्या सावलीत ते खाटेवर बसले होते. दर क्षणाला मान वळवून मागे बघत होते. केतकीने तोच प्रश्न पुन्हा विचारला.

आप्पांनी तिचा हात घट्ट पकडला, आजारी लहान मूल पकडतं तसा.

"नको गं," ते म्हणाले. "नको टाकूस ते. पस्तीस वर्षं खांबावर चढलो मी, पण तवा भीती तारेत होती. हात लावला नाही की झालं. ही माझ्या आतच बसलीया. चार वर्षं कप खाली ठेवताना मी मरतोय. पोरगी हसली तरी मरतोय. हे वीस दिवस मी माणसात होतो. बाल्कनीत बसून फटाके ऐकले गं मी."

"आणि शर्वी, आप्पा?"

"तिला घेऊन लांब जा कुठंतरी. मला तिथं राहू दे."

"शहरात तिच्यासारखी पंचवीस हजार मुलं आहेत. तीन बुडाली."

आप्पांनी तोंड दोन्ही हातांत झाकलं. "ठाऊक आहे मला. ठाऊक आहे. तरीपण मला जगायचंय. तू विचारलंस म्हणून सांगतो. मला परत घरी ने, केतकी. आजच ने."

चांगल्या माणसाने असं म्हणायचं नसतं, असं आपण म्हणतो. ज्याच्या छातीत ते हृदय आहे त्याच्यासमोर बसून म्हणून दाखवावं. केतकीला ते जमलं नाही. तिने त्यांचं डोकं मांडीवर घेतलं आणि इतका वेळ थोपटलं की आत्या चहा घेऊन येऊन परत गेली.

*

त्याच दिवशी ते परत निघाले. घाट उतरून शिरवलीत शिरेपर्यंत आप्पा डोळे मिटून दोन्ही कानांत बोटं घालून बसले होते. घरी आल्यावर तासाभरात बोटं निघाली. रात्रीच्या जेवणाला त्यांनी स्वतःहून बासुंदी मागून घेतली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी अंघोळ करून, कपाळाला गंध लावून, ते बाल्कनीत येऊन बसले. शर्वी त्यांच्या पायाशी कागदाचे तुकडे फाडत होती.

ओट्यावर बर्फाच्या डब्यात केंद्रातून आणलेली सासूची कुपी होती. कागदावर एक सही व्हायची होती. केतकी रात्रभर जागी होती. एकदा कुणालाही न विचारता तिने हे शहर शांत केलं होतं. आता विचारलं होतं, तर एकाच माणसाने दोन उत्तरं दिली होती.

"आणलंस का ते?" आप्पांनी विचारलं.

"काय?"

"ते औषध. तुळशीत घालायचं. दे इकडं, मी घालतो. तुझ्या हातून नको. तुला नंतर त्रास होईल."

"आप्पा, तिथे वाडीवर तुम्ही मला..."

"व्हय, आठवतंय मला," आप्पा हसून म्हणाले. "भ्यालो होतो. भ्यालेल्या माणसाचं काय ऐकायचं?"

शर्वीने कागद टाकून दिले. बाल्कनीच्या कठड्याला एक जुनं स्टूल टेकवलं होतं. ती त्यावर चढली. मग कठड्यावर एक पाय टाकला. चौथ्या मजल्यावरून तिने खाली वाकून बघितलं आणि दुसरा पाय उचलला. आप्पा सगळ्यात जवळ होते. ते बघत होते, पण उठले नाहीत. केतकीने झेप घेऊन पोरीच्या झग्याला धरलं आणि तिला मागे ओढलं. दोघी फरशीवर आपटल्या.

"चढत होती," आप्पा म्हणाले.

केतकी पडल्या जागेवरून त्यांच्याकडे बघत राहिली. यांनी या पोरीला अंगाखांद्यावर वाढवलं होतं. तिला साधी ठेच लागली तर यांचा जीव खालीवर व्हायचा.

ती उठली, शर्वीला कडेवर घट्ट धरलं, आत गेली, एका हाताने कागदावर सही केली आणि कुपी आणून आप्पांच्या हातात दिली. हा होकार खरा नाही हे तिला ठाऊक होतं. खरं उत्तर तिने गोठ्यामागे ऐकलं होतं. ते तिने त्या क्षणी बाजूला सारलं. खोटा होकार सोयीचा होता म्हणून तिने तो धरला. याबद्दल तिने स्वतःला कधी फसवलं नाही, एवढं तिच्या बाजूने म्हणता येईल.

आप्पांनी झाकण उघडलं आणि रोज तुळशीला पाणी घालतात तसं, मुळापाशी, सावकाश, सगळं ओतलं. मग हात जोडले.

*

तिसऱ्या दिवशी सकाळी रस्त्यावर दोन गाड्यांचे ब्रेक करकचून लागले आणि पाठोपाठ कुणीतरी कुणाला तरी आईवरून शिवी दिली. केतकीने पोळी लाटता लाटता कान टवकारले. महिन्याभरात तिने शहरात शिवी ऐकली नव्हती. शेजारच्या घरात एक बाळ रडायला लागलं, मग वरच्या मजल्यावर दुसरं. रणजित आतल्या खोलीतून धावत आला. त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता. "केतकी, त्या दिवशी ती पणतीत बोट घालत होती आणि मी बसून बघत होतो. मी बघत होतो गं!" तो भिंतीला धरून खाली बसला आणि हुंदके द्यायला लागला.

शर्वी ओट्यापाशी आली होती. तव्याखालच्या ज्वाळेकडे तिने नेहमीसारखा हात नेला. बोट वीतभर अंतरावर होतं. तिथे ते थांबलं. तिचे डोळे मोठे झाले. तिने बँडेज बांधलेल्या बोटाकडे पाहिलं, ज्वाळेकडे पाहिलं, हात पाठीमागे लपवला आणि भोकाड पसरलं. घर दणाणून टाकणारी, जिवाच्या आकांताची किंकाळी होती ती. ती आईच्या कमरेला येऊन बिलगली.

केतकी या एका रडण्यासाठी आठवडाभर जीव मुठीत धरून बसली होती. तिने गुडघ्यांवर बसून लेकीला उराशी धरलं. आणि काय करतोय हे कळायच्या आत तिने आपला पिठाचा हात पोरीच्या तोंडावर दाबला.

"हळू, बाळा. हळू. आवाज नाही करायचा."

आतल्या खोलीत काहीतरी पडल्याचा आवाज झाला. मग काहीच नाही. केतकी श्वास रोखून ऐकत राहिली. रणजितने मान वर केली. भिंतीवरचं घड्याळ चार वेळा टिकटिकलं, मग आणखी चार वेळा.

"केतकी." आप्पांचा आवाज होता, दोरा तुटावा इतका बारीक. "केतकी, वाडीवर मी तुला काय सांगितलं होतं गं?"

तिच्या तळहाताखाली शर्वी थरथरत होती. केतकीने हात तिथेच ठेवला.